४३बी(एच): ३१ मार्चला कोणती बिलं खर्चातून उडतात?

इचलकरंजी_गारमेंट
भागीदारी फर्म, टॅक्स ऑडिट लागतं. सूत व्यापाऱ्याकडून घेतो, कापड यंत्रमागवाल्यांकडून जॉबवर्कवर विणून घेतो, सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि प्रोसेसची (कापडाची धुलाई-रंगाई) बिलं वेगळी. उधारी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे ६० ते ९० दिवस, लेखी काही नाही. आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म-लघु पुरवठादारांची मुदतीबाहेर थकलेली बिलं त्या वर्षीच्या खर्चात धरत नाहीत, म्हणून २०२५-२६ चं वर्ष बंद करताना प्रश्न असे:
सगळेच पुरवठादार ४५ दिवसांत धरायचे का? उशिरा पण मार्चच्या आत पैसे दिले तर काय? आणि मार्चअखेरीस दिलेला चेक एप्रिलमध्ये वटला तर तारीख कोणती?

करसल्लागार_सांगली
आधी ४५ दिवस डोक्यातून काढा. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करारात ठरलेली तारीख चालते, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करारात ९० लिहिलं तरी ४५च. उलट ३० लिहिलं असेल तर ३०, तिथे ४५ ची सवलत मिळत नाही. ‘बाजारात असंच चालतं’ हा करार नव्हे.

दिवस मोजायचे ते माल किंवा काम मिळालं त्या दिवसापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून आवक चलनावर तारीख आणि सही हवीच. मालात खोट असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या, म्हणजे मुदत हरकत मिटल्यापासून सुरू होते. दोन महिन्यांनी डेबिट नोट काढून काही उपयोग नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुदत चुकली पण पैसे ३१ मार्चच्या आत गेले, तर खर्च त्याच वर्षी मिळतो. फटका बसतो तो मुदत उलटून वर्षअखेरीस देणं राहिलेल्या बिलांना. लेखी ४५ दिवस धरून:
२० जानेवारीला माल आला, मुदत ६ मार्च, पैसे २५ मार्चला दिले: खर्च मान्य.
१० फेब्रुवारीला आला, मुदत २७ मार्च, पैसे १० एप्रिलला: या वर्षी नामंजूर, पुढच्या वर्षी मिळेल.
२० फेब्रुवारीला आला, मुदत ६ एप्रिल: ६ एप्रिलपर्यंत दिले तर याच वर्षी मान्य, ७ तारखेला दिले तर नाही.

म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंत आलेल्या मालाचं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं केलंच पाहिजे. तुमच्यासारखं लेखी काहीच नसेल तर ही तारीख १६ मार्च होते. त्यानंतरच्या मालाला आवकेपासून १५ दिवस. जीएसटी किंवा पीएफसारखं ‘रिटर्न भरायच्या आधी भरलं की झालं’ ही सवलत (एच)ला नाही. लोक नेमके इथेच फसतात.

लेखापाल_कोल्हापूर
सगळे पुरवठादार यात येत नाहीत. फक्त सूक्ष्म आणि लघु, मध्यम नाही. व्यापारीही नाहीत: घाऊक-किरकोळ विक्रेत्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. तुमचा सूतवाला नुसता व्यापारी असेल तर बाहेर, गिरणीवाला असेल तर आत. यंत्रमाग, सायझिंग, प्रोसेस ही उत्पादन किंवा सेवा, म्हणून आत.

यंदाची गोम अशी की १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या. सूक्ष्म: यंत्रसामग्री २.५ कोटी, उलाढाल १० कोटी. लघु: २५ कोटी आणि १०० कोटी. आधी लघुची उलाढाल ५० कोटींपर्यंतच होती. मागच्या वर्षी ‘मध्यम’ म्हणून सोडलेलं ८० कोटींचं प्रोसेस हाउस यंदा लघु ठरू शकतं. जुन्या यादीवर विसंबू नका, प्रत्येकाचं नवं प्रमाणपत्र मागवा आणि क्रमांक उद्यम पोर्टलवर पडताळा. वर्गवारी आणि मुख्य व्यवसाय दोन्ही बघा.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुरवठादाराच्या खात्याला (पार्टी लेजर) उद्यम क्रमांक टाका आणि ‘बिल बाय बिल’ चालू ठेवा. ‘ऑन अकाउंट’, म्हणजे बिलाला न जोडता, टाकलेल्या रकमा कुठल्या बिलात गेल्या हे ऑडिटच्या वेळी सापडत नाही, मग वाद होतो.

नामंजूर होते ती खर्चाला टाकलेली रक्कम. १०.५० लाखांच्या बिलात ५० हजार जीएसटी असून त्याचं क्रेडिट घेतलं असेल तर १० लाख. फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३.१२ लाख कर आत्ता भरायचा. पुढच्या वर्षी वजावट मिळते, पण रोकड आज जाते. (१८० दिवसांत पैसे न दिल्यास क्रेडिट परत करायचा जीएसटीचा नियम वेगळा. दोन्हींची सरमिसळ फार होते.)

इचलकरंजी_गारमेंट
मुदत चुकली पण मार्चमध्ये पैसे गेले, तर काहीच लागत नाही ना? आणि चेकचं राहिलं.

करसल्लागार_सांगली
आयकरात लागत नाही, पण एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ चं व्याज सुरू होतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. रेट ५.५० धरला तर १६.५० टक्के. १० लाखांवर दोन महिन्यांचे सुमारे २७,६९० रुपये. हे व्याज खर्चात कधीच मिळत नाही (कलम २३), आणि टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्ममध्ये दाखवावं लागतं. पुरवठादार मागत नाही म्हणून देणं संपत नाही. तो पुढे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे गेला आणि निकाल तुमच्याविरुद्ध लागला, तर आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

चेक ३१ मार्चपूर्वी हातात दिला, त्यावर तीच तारीख आहे आणि तो नंतर वटला, तर दिल्याची तारीख धरतात. हे तत्त्व सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या निकालातलं आहे आणि खटला आपल्याच भागातला, ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचा. पुढच्या तारखेचा चेक मात्र चालणार नाही, परत आलेला तर नाहीच. मी तरी सांगेन, आरटीजीएस करा. पोच आणि तारखेची कटकट उरत नाही.

लेखापाल_कोल्हापूर
नव्या वर्षासाठी: प्रत्येक यंत्रमागवाल्याशी एक पानी करार, ४५ दिवस, दोघांच्या सह्या, माल यायच्या आधीची तारीख. जुन्या बिलांसाठी मागची तारीख घालून कागद करू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तरतूद तीच. आणि फर्मची कधी कंपनी केलीत तर ४५ दिवसांवरच्या थकबाकीसाठी एमएसएमई-१ फॉर्म सहामाही भरावा लागेल, ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिलपर्यंत.