अनुभव धागा: इंदूरच्या आसपास, एकट्याचा तंबू

पाऊस ओसरला की विंध्याच्या डोंगरांतल्या चोरल, जानापाव, जाम दरवाजा या बाजूला तंबू लावण्याची चौकशी सुरू होते. चौघांनी मिळून जायची माहिती मुबलक आहे, एकट्याचं गणित वेगळं. किस्से नकोत. काय न्यायचं, कुठे फसतं, कुठली भीती खरी आणि कुठली फुकटची, एवढंच नेमकं लिहा.

विंध्यवारा
जागा दुपारी चारच्या आत पक्की करा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात निवडलेली जागा हमखास वाईट निघते. जाम दरवाज्याच्या बाजूला कड्यापासून निदान पन्नास पावलं मागे सरका. खाली दक्षिणेला पसरलेल्या निमाडाकडून वर चढणारं वारं हे एक कारण, आणि रात्री लघवीला उठल्यावर झोपेत दिशा चुकते हे दुसरं, जास्त महत्त्वाचं. तंबूपासून लघवीच्या जागेपर्यंत पांढरी दोरी बांधून ठेवा.

ओढ्याकाठी झुडपांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते बघा, पाणी तिथपर्यंत चढतं. पाताळपाणीच्या धबधब्याला जुलै 2011 मध्ये लोक वाहून गेले ते अचानक आलेल्या लोंढ्यात. वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली आभाळ कोरडं असूनही पाणी येतं. पावसाळ्यात पात्रात तंबू नाहीच.

खुंट्यांचं म्हणाल तर माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बारीक सळीसारखी खुंटी त्यात धरत नाही. वीतभर लांबीची, व्ही आकाराची खुंटी, डोकं तंबूपासून बाहेर झुकेल अशी, तिरकी ठोका आणि वर दगड ठेवा. मोठ्या भेगांवर तंबू नको, त्यात साप असू शकतात.

कोरडी काडी
आवाजांबद्दल लिहितो, कारण एकट्याची झोप उडते ती त्यांनीच. सागाच्या वाळक्या पानांवरून उंदीर गेला तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. खरा माणूस ओळखता येतो: पावलांना ठेका असतो, मधे टॉर्च चमकते, खोकला येतो. उंदीर थांबतो, पळतो, पुन्हा थांबतो. तिन्हीसांजेला कोल्ह्यांची कोल्हेकुई रोजचीच. रातवा पक्षी एकसुरी टकटक करत बसतो. टिटवी अचानक ओरडत उठली तर मात्र जमिनीवरून काहीतरी जातंय. बहुधा कुत्रं किंवा डुक्कर.

बिबट्या या जंगलात आहे, उगाच नाही म्हणू नये. गावातलं कुत्रं प्रेमानं मागे आलं तरी तंबूशी झोपू देऊ नका, बिबट्याला कुत्रं आवडतं. सेव, केळ्यांची सालं, उष्टं भांडं, सगळं घट्ट बांधून तंबूपासून लांब टांगा.

दशमीवाली
काडी भाऊ, बिबट्यापेक्षा मण्यार जास्त खरी. ती रात्री फिरते आणि दंश बहुतेक वेळा दुखतच नाही. तळ शिवलेला तंबू घ्या, चेन शेवटपर्यंत ओढा, बूट आत ठेवा. चावलाच साप तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. अवयव हलवू नका, 108 लावा. म्हणून तंबू ठोकण्याआधी फोनला रेंज आहे का बघायची. चोरलच्या खोऱ्यात ती जाते. नसेल तर ती जागा एकट्यासाठी नाही.

बायकांसाठी वेगळं सांगते. पहिल्या काही वेळा जंगल सोडा, ओळखीच्या शेतात विहिरीजवळ तंबू लावा. शेतमालक आणि गावचा कोटवार (चौकीदार) दोघांना माहीत असू द्या. रस्त्यात कोणी विचारलं तर "मंडळी मागून येतायत". फोटो घरी आल्यावर टाका. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी. चूल नको, म्हणजे पाणी चार लिटरमध्ये भागतं.

राऊकर
वनजमिनीवर रात्री थांबायचं तर वनविभागाची परवानगी लागते. महूच्या बाजूला लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत, तिथला फलक दिसला की मागे फिरा. फेब्रुवारीपासून पुढे शेकोटी बंद, पळस-सागाचा पालापाचोळा क्षणात पेटतो.

विंध्यवारा
दोन गोष्टी राहिल्या. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे एकाहून जास्त आकडे असतात. त्यातला आरामाचा बघा, जीव जेमतेम वाचण्याचा नव्हे. खालची जमीन जास्त गारठवते, तेव्हा फोमची चटई दुहेरी घ्या. आणि सिगडी कधीच आत नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हलवून उठवायला शेजारी कोणी नसतं. सकाळी आतून ओल दिसली तर तंबू गळत नाही, तुमचा श्वास आहे तो. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

अमावास्या
सगळे भीतीचंच लिहून राहिलेत! एकट्याचं सुख असं की टॉर्च कोणी लावत नाही, तारे नीट दिसतात. वीस-पंचवीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. लागलाच तर लाल दिवा वापरा. इंदूरचा उजेड उत्तरेला राहतो, म्हणून जाम दरवाज्यावरून दक्षिणेकडे तोंड करा. जानेवारीच्या मध्यावर रात्री अकराच्या आसपास मृग नक्षत्र, मग व्याधाचा तारा, आणि तिथून बरंच खाली, निमाडावर अगस्त्याचा तारा. क्षितिजापासून साधारण 15 अंश, हात लांब केला तर दीड मूठ.

दशमीवाली
अमावास्याताई, तिथे वारं सुटलं तर चहा कसा करता? थर्मास की बर्नर?

अमावास्या
थर्मास. घरूनच, गूळ घालून.