डीओ कॉलेजची सीट मिळाली आहे, घ्यावी का?

प्रेषक: संध्या (नेपरव्हिल)

नमस्कार मंडळी,

आमच्या थोरलीला डाउनर्स ग्रोव्हच्या मिडवेस्टर्न युनिव्हर्सिटीत, म्हणजे शिकागो कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिनमध्ये, सीट मिळाली आहे. इथे डॉक्टर व्हायच्या दोन पदव्या, एमडी आणि डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन). ही सीट डीओची. डिपॉझिट भरायची मुदत जवळ आली आहे. एका एमडी कॉलेजच्या वेटलिस्टवरही ती आहे, पण ते भिजत घोंगडं. एमकॅटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, ५०७ आहेत. हे म्हणतात, वर्षभर थांब, परीक्षा पुन्हा दे आणि एमडीच कर. ती म्हणते, आणखी एक वर्ष घालवणार नाही.

घरात रोज यावरून खल चालू आहे. सासूबाई पुण्याहून विचारतात, "हाडवैद्य होणार का गं ती?" मोठे दीर मिरजेचे एमबीबीएस, त्यांच्या लेखी डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा. त्यासाठी अमेरिकेत चार वर्षं आणि एवढं कर्ज कशाला, हा त्यांचा प्रश्न.

कोणाची मुलं या वाटेने गेली असतील तर मनमोकळं लिहा. पदवीनंतर हॉस्पिटलातली रेसिडेन्सी (प्रशिक्षणाची जागा) मिळते का? खर्चाचं कसं जमवलंत? शिवाय तिच्या डोक्यात मधूनच येतं की त्याच कॅम्पसवर पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचा सहायक) किंवा फिजिओथेरपी करावी आणि लवकर मोकळं व्हावं.

संध्या


प्रेषक: श्रीकांत (शॉमबर्ग)

संध्याताई, राग मानू नका, पण मी डिपॉझिट भरलं नसतं. उद्या कोटावर डीओ लिहिलेलं पाहून प्रत्येक पेशंट विचारणार, हे काय असतं म्हणून. त्यापेक्षा कॅरिबियनला जाऊन सरळ एमडी होता येतं. नाहीतर एनआरआय कोट्यातून कराड, नवी मुंबई आहेच. नावापुढे ती दोन अक्षरं लागली की प्रश्न मिटला.


प्रेषक: ऋचा (ग्रँड रॅपिड्स)

संध्यामावशी, मी डीओ आहे, सध्या इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट. आईने तुमची मेल पुढे पाठवली. नाइट शिफ्ट संपवून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी श्रीकांतकाकांच्या कॅरिबियनबद्दल. २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या देशभरच्या जागावाटपात, इथल्या डीओ कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या ९२.३ टक्के मुलांना रेसिडेन्सी मिळाली, एमडीवाल्यांपैकी ९३.५ टक्क्यांना. बाहेरच्या देशात डॉक्टरी शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांना. कॅरिबियन काय आणि कराड काय, काका, दोन्ही या तिसऱ्या रांगेत येतात. आणि हे फक्त मॅचपर्यंत पोचलेल्यांचे आकडे आहेत, वाटेत गळालेली मुलं यात धरलेलीच नाहीत. एनआरआय कोट्यालासुद्धा भारतातली 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे अनेकांना इथे ऐन वेळी कळतं.

डीओला औषधं लिहून देणं, ऑपरेशन करणं, आयसीयू सांभाळणं, सगळ्याचा पूर्ण परवाना पन्नासही राज्यांत मिळतो. आज अमेरिकेत डॉक्टरी शिकणाऱ्या चार मुलांमागे एक डीओ कॉलेजात आहे. २०२०पासून एमडी आणि डीओ दोघांसाठी रेसिडेन्सीची मान्यता एकाच संस्थेकडे आहे. तुमच्या दिरांना एवढं सांगा, की व्हाइट हाउसचे लागोपाठचे तीन डॉक्टर, कॉनली, ओ'कॉनर आणि बार्बाबेला, तिघंही डीओ. अध्यक्षांचे डोळे तपासायला ठेवलेले नाहीत ते.

सासूबाईंचा हाडवैद्य मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. अँड्र्यू टेलर स्टिल हा गावाकडचा डॉक्टर. १८६४मध्ये त्याची मुलं मेनिन्जायटिसने गेली आणि त्या काळच्या औषधांवरून त्याचं मन उडालं. ती औषधं म्हणजे पारा, अफू असलीच, त्यामुळे त्याचं फार चुकलं असंही नाही. १८७४मध्ये त्याने आपली ऑस्टिओपॅथीची पद्धत मांडली आणि १८९२मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात बायका होत्या. त्याचा भर हाडं, स्नायू आणि रक्ताभिसरणावर. पुढे कॉलेजांनी आधुनिक औषधशास्त्र पूर्ण आत घेतलं, आणि स्टिलचं जे उरलं ते ओएमएम, म्हणजे हातांनी तपासणं आणि उपचार करणं. पहिल्या दोन वर्षांत बाकी सगळ्या वैद्यकीय विषयांच्या जोडीला हे साधारण २०० तास.

त्या लॅबबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. हॉलमध्ये ओळीने टेबलं, जोड्या लावलेल्या, अंगावर शॉर्ट्स आणि मागून उघडता येईल असा टॉप. अर्धा तास तुम्ही डॉक्टर, अर्धा तास पेशंट. पहिल्या आठवड्यात जाड पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटांनी तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. मग आणखी एक. मला हसू यायचं. पण पुढे पाठीच्या मणक्यांशी कुठला स्नायू ताठरलाय, हे बोटांना कळायला लागतं, आणि आज पोट तपासताना माझ्या एमडी मित्रांपेक्षा माझे हात कमी बिचकतात, हे मी छातीठोक सांगेन. तरी ओएमएममधलं सगळंच मला पटत नाही. कंबरदुखीला त्याचा उपयोग होताना मी पाहते. कवटीची हाडं अलगद हलवून उपचार करण्याच्या प्रकाराला मात्र पुरावा तोकडा आहे. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं.

आता घोडं खरं कुठे अडतं ते. बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या वर्षापासून मुलांना वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलांत वाटून देतात. माझं कॉलेज असंच होतं. सर्जरी एका गावात, बालरोग दुसऱ्या राज्यात, दर दीड-दोन महिन्यांनी बिऱ्हाड गाडीच्या डिकीत. एका ठिकाणी शिकवायला रेसिडेंटच नव्हते. एक सर्जन आणि मी. ऑपरेशनला पहिला हात लावायला मिळाला, पण लेक्चर, केस चर्चा काही नाही. म्हणून कॉलेजला विचारायचं ते हेच: तिसऱ्या वर्षी मुलं कुठे जातात, तिथे रेसिडेन्सी आहे का, आणि जागा लॉटरीने देतात की पसंतीने. चकाचक बिल्डिंग दाखवतील, ती बघून भुलू नका.

दुसरं म्हणजे परीक्षा. डीओंना परवान्यासाठी कॉम्लेक्स ही परीक्षा सक्तीची. पण चांगल्या रेसिडेन्सीसाठी बरीच मुलं एमडीवाल्यांची यूएसएमएलईसुद्धा देतात, म्हणजे अभ्यास आणि फी दोन्ही दुप्पट. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, बालरोग, मानसोपचार, इमर्जन्सी यांत डीओला आज फारशी आडकाठी नाही. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, त्वचारोग यांत अजूनही दार अर्धवटच उघडतात. तिला तिकडेच जायचं असेल तर तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ५०७ला म्हणाल, तर एमडी कॉलेजात जाणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ असते, डीओची ५०४च्या आसपास. एक वर्ष थांबून पाचेक मार्क वाढतीलच याची हमी कोण देणार?

ऋचा


प्रेषक: श्रीकांत (शॉमबर्ग)

ऋचा, पटलं बरंचसं. पण इतकं सगळं सारखं असेल तर ही डीओची शेपूट कशाला? एमडीच म्हणा ना सगळ्यांना.


प्रेषक: ऋचा (ग्रँड रॅपिड्स)

काका, तेही करून झालंय. १९६२मध्ये कॅलिफोर्नियात ६५ डॉलर भरले की डीओला एमडी पदवी मिळत होती. दोन हजारांवर डॉक्टरांनी घेतली. तिथलं डीओ कॉलेज एमडी झालं, आज ते अर्व्हाइनच्या सरकारी विद्यापीठात आहे. नवीन डीओंना मात्र राज्यात परवानाच बंद. १९७४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. ६५ डॉलरमध्ये कोणाच्या हाताची कला बदलली नाही, पण उरलेल्या राज्यांतले डीओ त्यानंतर आपल्या कॉलेजांना घट्ट धरून बसले.


प्रेषक: मेधा (ऑरोरा)

संध्या, मी फिजिओथेरपिस्ट, मुंबईहून बीपीटी करून आले आणि इथली परवाना परीक्षा दिली. त्यामुळे तुझ्या शेवटच्या ओळीवर बोलते.

मिडवेस्टर्नला पीए, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, फार्मसी, दंत, ऑप्टोमेट्री सगळं एकाच आवारात आहे. पण "डॉक्टरी नको तर पीए" असं करून तिथे पाठवू नकोस. पीएचा कोर्स साधारण सव्वादोन वर्षांचा, मधला पगार १,३०,००० डॉलरच्या आसपास. फिजिओची डॉक्टरेट तीन वर्षांची आणि पगार लाखाच्या आसपास. माझ्या क्लिनिकात येणारी मुलं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना माणसाला पायावर उभं करायचंय. दुसरी, ज्यांना मेडिकलला मिळालं नाही. दुसरी वर्षभरात कंटाळतात. पीएला अर्ज करायलाही पेशंटबरोबर काम केल्याचे बरेच तास लागतात, ते तिच्याकडे आहेत का?

आता पैसे, कारण यंदापासून नियम बदललेत. आतापर्यंत सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून पूर्ण खर्च उचलता यायचा. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना ते बंद. डॉक्टरीसारख्या व्यावसायिक पदव्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २,००,०००. बाकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,०००. व्यावसायिक पदवीच्या ज्या जुन्या व्याख्येवर हा कायदा बेतलाय तिच्यात ऑस्टिओपॅथीचं नाव आहे, दंत आणि फार्मसीचंही आहे. पीए आणि फिजिओचं नाही. म्हणजे लवकर मोकळं व्हायला जायचं, तर खिशातून जास्त घालावं लागेल.

खाजगी डीओ कॉलेजची फी साठ-सत्तर हजारांच्या पुढे सहज जाते, राहणं-खाणं धरून लाखाला पोचते. वरचे पन्नास हजार एकतर तुम्ही द्या, नाहीतर खाजगी बँकेचं कर्ज, आणि त्यावर सही तुमची. ना-नफा हॉस्पिटलात नोकरी करत सरकारी कर्जाचे दहा वर्षं हप्ते भरले की उरलेलं माफ होऊ शकतं, आणि रेसिडेन्सीची वर्षंही त्यात धरतात. खाजगी कर्जाला असलं काही नाही. घरून ये-जा करता आली तर पहिली दोन वर्षं भाडं वाचेल. नेपरव्हिलहून डाउनर्स ग्रोव्ह म्हणजे काही लांब नाही, हा मुद्दा मी सगळ्यात वर धरेन.

ज्यांची मुलं एच-४वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) आहेत त्यांनी हे सगळं वाचून खूश होऊ नये. बरीच डीओ कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात, आणि सरकारी कर्ज तर त्यांना मिळतच नाही.


प्रेषक: यादी-व्यवस्थापक

चर्चा छान चालली आहे, चालू द्या. फक्त पाडव्याच्या जेवणाची नोंदणी याच मेलला उत्तर म्हणून पाठवू नका. श्रीखंडाचे दोन डबे मेडिकल कॉलेजच्या चर्चेत सापडले.


प्रेषक: निखिल (बोलिंगब्रुक)

मधेच विचारतो. बायको सोलापूरची एमबीबीएस, यूएसएमएलई दिली, पण मॅच झाली नाही. तिला डीओ करता येईल का?


प्रेषक: ऋचा (ग्रँड रॅपिड्स)

निखिलदादा, न्यूयॉर्कला लाँग आयलंडवर ओल्ड वेस्टबरीत एनवायआयटीचं डीओ कॉलेज आहे. परदेशात डॉक्टर झालेल्यांसाठी तिथे वेगळा कार्यक्रम आहे, नावच एमिग्रे फिजिशियन्स. चार वर्षं पुन्हा शिकायचं, पण बाहेर पडताना अमेरिकन पदवीधर म्हणून मॅचला बसता येतं. चाळिशीतले लोक पुन्हा शरीरशास्त्र पाठ करताना मी पाहिलेत. तो निर्णय तिचाच असू द्या, आणि आधी कर्जाचं मेधामावशीने लिहिलंय ते दोघांनी बसून वाचा.


प्रेषक: संध्या (नेपरव्हिल)

सगळ्यांचे आभार. ऋचा, तुझे तिन्ही प्रश्न तिने आजच कॉलेजला पाठवले. पीएचं भूत उतरलं आहे, कारण मेधाने विचारलेले तास तिच्याकडे नाहीत आणि तिला ते करायचंही नाही. यांनी हिशेबाची वही काढली आहे, म्हणजे निम्मं काम झालं. दिरांना व्हाइट हाउसचं कळवलं. त्यांचं उत्तर, "त्यांना सांग, माझी पाठ धरली आहे."


प्रेषक: ऋचा (ग्रँड रॅपिड्स)

मावशी, माझं घडीचं ओएमएम टेबल आईच्या गॅरेजमध्ये पडून आहे, पुढच्या वेळी आलात की घेऊन जा. आणि स्टेथोस्कोप इतक्यात विकत घेऊ नका. पुष्कळ कॉलेजं व्हाइट कोटच्या समारंभात देतात.