पुरंदरमधील दोन एकर उजाड उतार: देशी झाडोरा परत आणण्यासाठी सल्ला हवा

कऱ्हाकाठ: सासवडजवळ आमची दोन एकर मुरमाड जमीन आहे. वर्षानुवर्षांच्या मोकाट चराईमुळे तिच्यावर कुसळी गवत, घाणेरी आणि बोर-हिवराची खुरटलेली खुंटे एवढेच उरले आहे. पाणी नाही आणि खर्चासाठी तीस हजार रुपयेच आहेत. पावसाळ्यापूर्वी काय करावे?

सह्यकडा: मी तारेचे कुंपण घालून, टँकरने पाणी देऊन सहाशे रोपे जगवली आणि त्यातील बहावा व करंज आज माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. त्यासाठी तीन लाख रुपये लागले. कुंपणाशिवाय एकही रोप टिकणार नाही, म्हणून आधी खर्चाचा आकडा बदलावा.

जांभूळवाट: कुंपण हवेच. मात्र लवकर हिरवे दिसावे म्हणून उंदीरमारी (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) लावू नका. मी लावली, तिच्या दाट सावलीत गवत विरळ झाले आणि तोडली की ती पुन्हा फुटते.

गवताळ: रोपे आणण्यापूर्वी खुंटे मोजावीत, कारण बोर, हिवर आणि पळस यांची मुळे जमिनीत जिवंत असतात आणि शेळ्या दर वर्षी त्यांचे कोंब खुडतात म्हणूनच ती खुरटी दिसतात. प्रत्येक खुंटावरील एक-दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे छाटल्यास, जुन्या मुळांच्या बळावर ते नव्या रोपापेक्षा लवकर वाढतात. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढावी. शिवाय सगळीकडे झाडे लावण्याचा हट्ट धरू नये. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा अशाच उघड्या माळावर जगतो.

सह्यकडा: घाणेरी मात्र जेसीबीने मुळासकट उपटलीच पाहिजे.

गवताळ: उतारावर तसे केल्यास पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. मातीखाली दोन-तीन बोटे, मूळ आणि खोड जुळतात त्याच्या खाली कुदळीने तोडून ती उलटी ठेवावी आणि दर वर्षी थोडाच भाग मोकळा करावा.

जांभूळवाट: तरीही कुंपण लागेलच, हे पुन्हा सांगतो.

कऱ्हाकाठ: सर्वांचे मनापासून आभार. काल खुंटे मोजली, ती दोनशे अकरा भरली. रोपेही आणणार नाही आणि तारही घालणार नाही. आमच्या उतारावर मेंढ्या आणणाऱ्या कुटुंबाशी बोलणे झाले आहे. हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा गवत कापून नेण्याची मुभा ठेवली होती. त्याच धर्तीवर गवत त्यांनी कापून न्यावे, राखणही त्यांनीच करावी आणि त्याबद्दल वर्षाला आठ हजार रुपये घ्यावेत, असे ठरले.