अनुभव धागा : तीन पिढ्या, रेल्वे आणि हंपी

डिसेंबरात हंपीला जायचा घाट घातलाय. सोबत सासूबाई, माझे आई-बाबा आणि दोन मुलं, एक आठवीत, एक बालवाडीत. पुण्याहून गाडी चालवत जायची नवऱ्याची हौस मी मोडून काढली आहे, त्यामुळे रेल्वेनेच. बघायच्या ठिकाणांची यादी कुठेही मिळते, ती नको. म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन तुम्ही कसे पोचलात, कुठे दमलात, काय सरळ गाळलंत, ते लिहा. बदामी-पट्टदकलचे अनुभवही चालतील.

खिडकीची_जागा

मुंबईहून होस्पेटला (हंपीचं जवळचं स्टेशन) थेट गाडी आहे. रात्री सीएसएमटीहून सुटते आणि पुणे, सोलापूर, विजयपुरा, बदामी, गदग करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. पुण्याला ती मध्यरात्रीच्या आसपास येते, तेव्हा तिकीट काढताना तारीख दोनदा बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. परतीचं तिकीट ठरल्याशिवाय हॉटेलला पैसे भरू नका. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, आणि सत्तरीतल्या माणसांना घेऊन ऐनवेळी बस शोधणं फार जिवावर येतं.

आता खरी गोष्ट. सगळ्यांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागतो (पुरुष ६० च्या पुढे, बायका ४५ च्या पुढे). आई-बाबांचं तिकीट वेगळं, सासूबाईंचं वेगळं. डबा कदाचित वेगळा येईल, पण वरच्या बर्थवर चढायची कसरत टळते. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे. धाकटं पाच वर्षांच्या आत असेल तर त्याला तिकीट लागत नाही, मात्र बर्थही मिळत नाही.

मिरजेचा_तंबोरा

आमच्याकडनं सोपं आहे. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया मिरजेत दिवसा धरायची आणि रात्री होस्पेटला उतरायचं. डब्यात निम्मे लोक बालाजीला निघालेले, त्यामुळं खाण्यापिण्याची चंगळ! रात्री उतरत असाल तर होस्पेटातच मुक्काम करा. हंपी तिथनं साधारण १३ किलोमीटर, सकाळी रिक्षा नाहीतर बस. आम्ही एका लॉजवर आधी फोन करून खोली ठरवली होती, तिथं गेल्यावर 'असा फोनच आला नाही' म्हणाले. तेव्हा लेखी काहीतरी घ्या.

आणखी एक. जुनं लिखाण वाचून नदीपलीकडं विरुपापुर गड्डीवर राहायचं ठरवू नका. तिथली हॉटेलं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली.

फोंड्याची_लेक

गोव्याहून जाणाऱ्यांसाठी वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस. रोज नसते, वार बघून घ्या. कुळेला मागून जादा इंजिनं लागतात आणि गाडी घाट चढायला लागते. दूधसागर आला की अख्खा डबा एका बाजूला. माझ्या मुलाला हंपीतलं काय आठवतं विचारलं तर तो आधी मागची इंजिनं सांगतो.

चंद्रभागेकाठची

आमच्या आजेसासूबाई वारकरी, सोलापूरच्या. त्यांना हंपीत एकच जागा बघायची होती, विठ्ठलाचं देऊळ. विजयनगरच्या राजाने पंढरीची मूर्ती तिकडे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा त्यांनी कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेली. वाहनतळापासून देऊळ सुमारे किलोमीटरभर आत. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, पण गर्दीच्या दिवशी त्यांच्यासाठी मोठी रांग लागते. म्हणून आम्ही उघडताच गेलो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ सगळे बघत होते, या थेट गाभाऱ्याकडे. आत मूर्ती नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "देऊळ लई मोठं, पन राहायला त्याला पंढरीच बरी वाटली बघ." मग रथाशी हौसेने फोटो काढून घेतला. वाजणारे खांब वाजवायला देत नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा.

त्या दिवशी आम्ही बाकी काही पाहिलं नाही. विरुपाक्षाचं दर्शन संध्याकाळी, बस्स.

खडू_फळा

शिक्षक आहे, त्यामुळे पोरांबद्दल बोलतो. सनावळ्या सांगत बसू नका. १३३६ ला विजयनगरचं राज्य उभं राहिलं, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली, एवढं पुरे. त्यापेक्षा खडकांवर सरळ रेषेत खणलेली चौकोनी भोकं शोधायला लावा. तिथे पाचर ठोकून दगड फोडत. राजवाड्याच्या आवारात काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या दगडांवर कुठला कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत. माझी मुलगी त्या खुणा वाचत उन्हात तासभर रमली. विरुपाक्ष मंदिराच्या मागच्या भागात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते. आठवीतल्याला सूचीछिद्र कॅमेरा आठवतो का विचारा.

अकरा ते साडेतीन डोंगर-दगड तापतात, डिसेंबरातसुद्धा. तेव्हा कमलापूरचं संग्रहालय बघा. तिथे हंपीची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे, ज्येष्ठांना बसल्या जागी अख्खं गाव कळतं. शुक्रवारी बंद असतं. विठ्ठल मंदिर, जनाना आवार आणि संग्रहालय यांना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवशी. म्हणजे दोन दिवसांत विभागलंत तर पुन्हा काढा, पैसे फार नाहीत. मातंग टेकडी ज्येष्ठांसाठी विसरा.

कुलदेवी_बनशंकरी

आम्ही होस्पेटच्या आधी बदामीलाच उतरतो, आमची कुलदेवी बनशंकरी, तिच्यामुळे. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर, रिक्षा मिळते. तिसऱ्या गुहेतला शिलालेख ५७८ सालचा. पायऱ्या आहेत, सासूबाईंचे गुडघे कसे ते तुम्हीच ठरवा. त्यांना खाली अगस्त्य तलावाकाठी बसवूनही चालेल. पट्टदकल मात्र सपाट आणि हिरवळीचं, म्हाताऱ्यांना उत्तम. बनशंकरीच्या देवळापाशी बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी आणि दही घेऊन बसतात. हॉटेल शोधू नका.

(धागाकर्ती)

सासूबाईंची कुलदेवी तीच निघाली! आता बदामीत उतरायचंच, म्हणजे तिकिटं दोन तुकड्यांत. बदामी ते होस्पेट कुणी मुलांना घेऊन रस्त्याने गेलंय का? गाडीवाले साधारण किती घेतात?