पंधरा वर्षांची जर्मन गाडी: ठेवायची की फुंकायची?

जुनाट जर्मन

परवा ‘हिशोबी’ यांनी लिहिलं, "पंधरा वर्षं झालेली लक्झरी गाडी दारात ठेवणारा माणूस श्रीमंत नसतो, त्याला फक्त तसं दिसायचं असतं. पासिंग संपायच्या आत मिळेल त्या भावात फुंका आणि हायक्रॉस घ्या." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथंच उत्तर द्यायला बसलो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

माझी गाडी २०१० ची. पेट्रोल, सहा सिलिंडर, जर्मन. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मी चर्चा लोगोवर होईल. दलाल चार लाख म्हणतो, तेही "फक्त तुमच्यासाठी साहेब". मागच्या पावसाळ्यात एअर सस्पेन्शनचा (गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर तोलणारी यंत्रणा) कॉम्प्रेसर गेला, पुढची एक बॅगही गळत होती. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून वर. बाहेर तेच काम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात झालं. यावर हिशोबींसारखे लोक लगेच म्हणतात, चार लाखांच्या गाडीवर एवढा खर्च म्हणजे वेडेपणा.

पण दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करायचीच कशाला? बाजारभाव म्हणजे विकली तर माझ्या हातात येणारे पैसे. त्या चार लाखांत दुसरं काय येतं ते सांगा ना. कुणीतरी वापरून सोडलेली हॅचबॅक. तुलना करायची तर दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी करा. तीस लाखांची नवी पेट्रोल गाडी घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स १३ टक्के, म्हणजे तीन लाख नव्वद हजार. माझी अख्खी गाडी विकून मी नव्या गाडीचा नुसता टॅक्स भरणार! वर हप्ते, वर विमा, आणि शोरूमच्या बाहेर काढल्या क्षणापासून उतरणारी किंमत. माझ्या गाडीची जी काय किंमत उतरायची ती पहिल्या मालकाच्या खिशातून उतरली. मी ती त्याच्याकडून घेतली तेव्हाच ती अर्ध्याखाली आली होती.

राहिलं पासिंग. फिटनेस पाहून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. फी पाच हजार आणि हरित कर वेगळा. गाडी इथंच जोडलेली आहे. आयात केलेली असती तर फीच चाळीस हजार झाली असती, तेव्हा मीही दोनदा विचार केला असता.

आणि "तसं दिसायचं असतं" याबद्दल: बोनेटवर चिरा पडलेला क्लिअरकोट (रंगावरचा चकचकीत थर) घेऊन फिरणाऱ्याला दिसण्याची किती हौस असेल?

हिशोबी

अंगठे बरेच लागलेले दिसतात.

रोड टॅक्सचं वाक्य छान आहे, टाळ्या. आता तुम्ही सोयीस्करपणे गाळलेलं मी लिहितो. तुमची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, चार लाखांच्या आसपास असणार. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) या वयाच्या गाडीला सहसा कुणी देत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस म्हणते, दुरुस्ती न करता आयडीव्ही देऊन मोकळी होते. लक्झरी गाडीत तीन लाखांचं काम व्हायला मोठा अपघात लागत नाही. समोरून एक टेम्पो घासला, दोन हेडलाइट, रेडिएटर, बंपर, एअरबॅग, संपलं. स्विफ्टवाला तशाच धडकेनंतर गाडी दुरुस्त करून घरी आणतो.

शहरात ॲव्हरेज सहाच्या वर असेल तर कळवा, सत्कार करू.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली येणारच. जितके थांबाल तितके गमवाल. तुमचे चार लाख पुढच्या दिवाळीला तीन असतील.

नानापेठी

गॅरेज माझंय, त्यामुळे पक्षपाती समजा.

जर्मनभाऊ, नुसता कॉम्प्रेसर बदलला की बॅगपण? कारण कॉम्प्रेसर आपणहून क्वचित मरतो. बॅग गळते, गाडी खाली बसते, ती उचलायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि जळतो. नुसता कॉम्प्रेसर टाकून देणारे खूप आहेत. गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यात हजर. सकाळी गाडी काढायच्या आधी चारी चाकांवर हाताची बोटं घालून फेंडरचं अंतर बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर पैसे असतानाच बॅग टाकून घ्या. रिलेही बदला, तो चिकटला की नवा कॉम्प्रेसरही जाळतो.

पार्टचं म्हणाल तर कंपनीच्या खोक्यातला आणि लेमफोर्डर किंवा साक्स या पार्ट बनवणाऱ्यांच्या खोक्यातला माल बऱ्याचदा एकाच कारखान्यातला असतो. लोगोचे पैसे वेगळे. दरवाजा, आरसा, सीट कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणा, माझी ना नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काही जुनं टाकायचं नाही. माझ्याकडे कुणी तसं घेऊन आलं तर मी परत पाठवतो.

आणि गिअरबॉक्सचं ऑइल. "लाइफटाइम" लिहिलंय म्हणून कुणी बदलत नाही. साठ-ऐंशी हजार किलोमीटरला बदललं असतं तर माझा निम्मा धंदा बंद पडला असता.

मीरा रोडची

नवऱ्याकडे अशीच एक आहे. लोकांना वाटतं आमच्याकडे मोठी गाडी. मी सगळीकडे रिक्षानं जाते. गाडी कायम गॅरेजात, आणि फोन केला की "पार्ट जर्मनीहून निघालाय". हा पार्ट चालत येतो का?

सासूबाईंना छातीत दुखायला लागलं त्या रात्री ती चालूच झाली नाही. स्क्रीनवर काहीतरी लाल आलं आणि स्टिअरिंग लॉक. शेजारच्यांच्या वॅगन आरमधून नेलं. त्यानंतर मला कुणी टॅक्स आणि घसरण सांगू नये. एकच गाडी असेल तर ती सुरू व्हायला पाहिजे.

आणि आमच्या सोसायटीत एका घराला एकच पार्किंग. बंद गाडी जागा अडवून उभी, म्हणून दुसरी घेता येत नाही. सेक्रेटरी तर म्हणाले कव्हर काढा, लोकांना वाटतं बेवारस आहे.

डिझेलवाला

मीराताई, बॅटरी. या गाड्यांना व्होल्टेज जरा पडलं की त्या दहा खोट्या तक्रारी दाखवतात. उभ्या गाडीला ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावा.

मूळ मुद्दा. भाव पडण्याचं खरं कारण जीएसटी नाही, दिल्ली आहे. एनजीटीचे (राष्ट्रीय हरित लवाद) २०१४-१५ चे आदेश, दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल बंद. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. जुलै २०२५ मध्ये तर पंपावर इंधनच नाकारायला सुरुवात केली, थोड्याच दिवसांत गुंडाळावं लागलं. पण तोवर घाबरून लोकांनी मिळेल त्या भावात गाड्या काढल्या. त्या एनओसी घेऊन इकडे येतात, आणि दलाल मग तुमच्या निगुतीनं सांभाळलेल्या पुण्याच्या गाडीलाही दिल्लीचाच भाव सांगतो. म्हणून आत्ता विकू नका. लोक विकताहेत तेव्हा घ्यायचं असतं.

बाकी पेट्रोलवाल्यांनो, तुमची गाडी मेकॅनिक नाही, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मारणार आहे. २०१० च्या गाडीचे होस आणि सील वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत. जुन्या चारचाकीत मायलेज ३ ते ६ टक्के घटतं हे सरकारनंच मान्य केलं, आणि काही रबराचे भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील हेही. आम्ही डिझेलवाले मजेत.

मांजराकाठ

ई-२० चा विषय निघालाच आहे तर बोलतो. तुमच्या होसचं मला काही पडलेलं नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आमच्या लातूरला. त्याच जिल्ह्यात तेव्हाही ऊस उभा होता. आता त्या उसाची दारू, म्हणजे हे इथेनॉल, करून पुण्यातल्या सहा सिलिंडरमध्ये जाळायची आणि त्याला हरित म्हणायचं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसानं टाळ्या वाजवायच्या?

पंचगंगा

आला का ऊस. गाडीचं काय बी होऊ दे, शेवटी शिव्या उसालाच.

राव, इथेनॉल नव्हतं तेव्हा काय व्हायचं ते सांगतो. साखर गोदामात पडून, भाव नाही, कारखाना म्हणणार पैसे नाहीत. कायद्यानं एफआरपी (सरकारनं ठरवलेली उसाची किमान किंमत) चौदा दिवसांत द्यायची, आमच्या वडिलांना वर्ष वर्ष मिळाली नाही. बहिणीचं लग्न त्याच बिलावर ठरलं होतं, दोनदा पुढं ढकललं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून वेळेवर येतात, म्हणून कारखान्याच्या हातात रोख राहते. हे इथल्या एकाही पेट्रोलहेडला माहीत नाही.

आणि सात डिसेंबर २०२३ ला सरकारनं एका रात्रीत उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं. डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेले कारखाने बसले बोंबलत. तेव्हा कुठं होता तुमचा हिरवा कळवळा?

मांजराकाठ

बहिणीच्या लग्नाचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्याकडं पंचगंगा, कृष्णा, वारणा. तुमच्या उसाला मी काहीच म्हटलेलं नाही. आमच्याकडं बोअर आठशे फुटांवर गेलेत आणि तरी कारखाना वर कारखाना. इथेनॉलनं उसाला हमी मिळाली की सोयाबीन सोडून माणूस उसाकडंच वळणार. ही हमी डाळीला द्या ना!

पंचगंगा

डाळीला द्या, जरूर द्या. उसाकडनं काढून कशाला?

आणि एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. आता इथेनॉलचा मोठा हिस्सा ऊस देतच नाही. २०२४-२५ च्या हंगामात निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं होतं, त्यातही मका पुढं. तुमच्या जर्मन गाडीत मक्याची भाकरी जळतेय. पोल्ट्रीवाल्यांना विचारा मक्याचं काय झालंय ते.

डिझेलवाला

म्हणजे आता अंडी महाग झाली तर तेही माझ्या पोस्टमुळे.

हिशोबी

वा. गाडी विकायची की नाही विचारलं, आपण कोंबडीपर्यंत आलो. जर्मनसाहेब, तुमचा धागा हायजॅक झालाय, पण प्रत्येक प्रवासी तुमची गाडी विका असंच सांगून उतरतोय हे लक्षात आलं का?

जुनाट जर्मन

काही आलं नाही लक्षात. डिझेलवाले ठेवा म्हणाले, नानापेठी ठेवा म्हणाले. मोजता येत नसेल तर नाव बदला.

ई-२० ची भीती मला कमी आहे. इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेन पेट्रोल लिटरला दीडशेच्या वर जातं, ते परवडत नाही, मी रोजचंच भरतो. टाकी अर्ध्याखाली ठेवून गाडी महिनाभर उभी करत नाही, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि खरं नुकसान तिथं होतं. होस मागच्याच वर्षी बदलले. ते काही सोन्याचे नव्हते.

मीराताई, तुमच्या घरी जे झालं त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. घरात दुसरी छोटी गाडी आहे म्हणून मी हे सगळं बोलू शकतो, एवढं मान्य.

हिशोबी

हे आत्ता सांगताय! "घरात दुसरी गाडी आहे." मग तो टॅक्सचा सगळा हिशोब कशासाठी होता? तुम्हाला बदली गाडी घ्यायचीच नव्हती. चार लाख बँकेत आणि छोटी गाडी रस्त्यावर, हा पर्याय तुमच्या पोस्टमध्ये कुठंय? तुलना दुसऱ्या गाडीशी नाही, गाडी नसण्याशी होती. हे लपवून ठेवायचं आणि वर मला नाव बदलायला सांगायचं.

बेसमेंट बी-टू

जुलै २०२४, सिंहगड रोड. पहाटे पाणी आलं. माझी गाडी जर्मन नव्हती, जपानी होती, बाकी वय तेच. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीची जादा हमी) घेतलं नव्हतं, "एवढ्या जुन्या गाडीला कशाला" म्हणून. सर्व्हेअरनं आयडीव्ही धरून टोटल लॉस केला, त्यातूनही इंजिनात पाणी गेल्याचं कारण काढून कापले. वर हिशोबींनी विम्याचं लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. त्यांचा सूर मला अजिबात आवडत नाही, तरीही.

नानापेठी

बुडालेली गाडी कधीच स्टार्ट मारून बघायची नाही. टो करून आणा. निम्मी इंजिनं पाण्यानं जात नाहीत, ती मालकाच्या घाईनं जातात.

जुनाट जर्मन

हिशोबी, लपवलं नव्हतं, विचारलं नव्हतं. पण ठीक आहे, गाडी नसण्याशी तुलना केली तर तुमचा हिशोब माझ्यापेक्षा सरळ बसतो. घ्या, मिरवा. त्या हिशोबात मला रात्रीच्या एक्स्प्रेसवेवर मिळणारं काहीच धरलेलं नाही, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते तुम्हाला माहीत नाही हा तुमचा प्रश्न.

पासिंग करून घेतोय. अट माझी मीच घालतो: गिअरबॉक्स किंवा इंजिनाचं मोठं काम निघालं की विकणार. त्याच्याआधी नाही.

पंचगंगा

विकताना इथं टाका. चुलत भावाला हौस आहे, आणि बिल वेळेवर आलंय.

हिशोबी

गिअरबॉक्स गेलेली गाडी चार लाखांना घेणारा भाऊ असेल तर माझ्याकडेही एक जुना फ्रिज आहे.