आईची उजवी पापणी संध्याकाळी खाली उतरते. कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

रामबागकर (इंदूर)
आईचे वय ७१ आहे. गेले सहा महिने तिच्या उजव्या डोळ्याची वरची पापणी दिवस कलला की खाली उतरते आणि सायंकाळी पोथी वाचताना ती नकळत भुवई ताणून, हनुवटी वर करून बसते. तीन वर्षांपूर्वी याच डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. चष्म्याच्या दुकानात ‘वय झाले की असे होणारच’ म्हणून नवा नंबर काढून दिला. पापणी मात्र होती तिथेच आहे. नेत्रतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ की प्लास्टिक सर्जन, सुरुवात कोठून करावी?

नेत्रपल्लवी
सुरुवात नेत्रतज्ज्ञांपासूनच करावी. त्यातही पापण्यांचे काम करणारे, म्हणजे ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर मिळाले तर उत्तम. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात चौकशी करता येईल.

डोळा मिटणारा गोल स्नायू चेहऱ्याच्या, म्हणजे सातव्या नसेवर चालतो, तर वरची पापणी उचलणारा लेव्हेटर तिसऱ्या नसेवर. लेव्हेटर पुढे येताना पातळ, पांढऱ्या पडद्यासारखा पसरतो आणि पापणीला आकार देणाऱ्या टार्सस नावाच्या चिवट पट्टीला व त्वचेला धरतो. (या पट्टीला पुष्कळ जण कूर्चा म्हणतात, ती कूर्चा नाही, दाट तंतूंची आहे.) वयाने किंवा मोतीबिंदूच्या वेळी पापणी चिमट्याने ताणून धरल्याने हा पडदा सैल पडतो, स्नायू शाबूत राहूनही पापणी उतरते आणि तिच्यावरची घडी नेहमीपेक्षा वर सरकते. त्याच्यामागे म्युलरचा छोटा स्नायू असतो, ज्याची उचल जेमतेम दोन मिलिमीटर. त्याची नस बिघडली तर पापणी किंचित उतरते आणि बाहुलीही लहान होते.

दिवसाअखेर वाढणाऱ्या झुकावात मायस्थेनियाचाही विचार करावा लागतो, कारण त्यात नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. सैल पडद्याची पापणीही थकव्याने उतरते, म्हणून केवळ वेळेवरून निदान करू नये.

जुना इंदुरी
वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण ती राहून चालणार नाही. पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोके भयंकर दुखू लागले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या नसेवर दाबत असू शकतो.

तसे काही नसेल तर भुवई अंगठ्याने घट्ट दाबून आईंना आधी खाली व मग वर पाहायला सांगा आणि पापणीची कड किती सरकते ते पट्टीने मोजा. अंगठा ढिला ठेवला तर भुवईच पापणी उचलते आणि मोजमाप फसते. साधारण १५ मिलिमीटर म्हणजे स्नायू ठीक. डॉक्टर बहुधा दोन मिनिटे पापणीवर बर्फ ठेवूनही पाहतील. त्याने पापणी स्पष्ट वर आली तर मायस्थेनियाचा संशय वाढतो.

रामबागकर (इंदूर)
दोघांचेही आभार. बाहुल्या सारख्या आहेत, दोन दोन दिसत नाही. उजव्या पापणीची घडी डावीपेक्षा खरेच वर आहे. रोज समोर असून कधी लक्षात आली नव्हती. पट्टीने १४ भरले. आज सकाळी आणि सायंकाळी सरळ समोर पाहतानाचे फोटो काढले आहेत. ते आणि ऑपरेशनचे कागद घेऊन सोमवारी नेत्रतज्ज्ञांकडे जातो.