चिनी कढई, जपानी वाटी : हे चायनीज म्हणायचं का?

निशीकसाईकर

मंडळी, जूनमध्ये बायकोच्या वाढदिवसाला टोक्योतल्या एका आठ खुर्च्यांच्या चिनी हॉटेलात गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही, आधीच तिथे महिना महिना जागा मिळत नाही. तिसऱ्या का चौथ्या पदार्थाला समोर स्प्रिंग रोल आला. एकच. एवढ्या मोठ्या बशीत एकटाच, आडवा. आत आख्खा आयू मासा, आतड्यांसकट. आयू म्हणजे नदीतला वीतभर मासा, ताजा असला की त्याला कलिंगडाच्या सालीसारखा वास येतो. पहिला घास नुसता कुरकुरीत, दुसरा गोडसर, आणि तिसऱ्याला पोटाचा भाग आल्यावर जिभेच्या मागे कारल्यासारखा कडवटपणा. बायको म्हणाली, "हे चायनीज?"

घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये तेच चाललं होतं, म्हणून हा काथ्याकूट.

चिनी तंत्राने जपानी जिन्नस शिजवायच्या या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे टोक्योच्या मिनामी-अझाबु भागातलं 'साझेन्का'. तोमोया कावादा यांनी ते २०१७मध्ये सुरू केलं आणि हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेच्या २०२१च्या आवृत्तीत त्याला तीन, म्हणजे सर्वोच्च, तारे मिळाले. जपानमधल्या चिनी हॉटेलला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. कावादा आधी बरीच वर्षं चिनी स्वयंपाक शिकले आणि मग मुद्दाम 'र्‍युगिन'मध्ये, म्हणजे पक्क्या जपानी स्वयंपाकघरात, कामाला लागले. ब्रीद 'वाकोन कान्साइ' : मन जपानी, विद्या चिनी. हा जुनाच शब्दप्रयोग आहे. पुढे मेइजी काळात (१८६८नंतर) लोकांनी त्यातली 'चिनी' विद्या काढून 'पाश्चात्त्य' घातली, इतकंच.

माझं म्हणणं असं की हे फ्यूजन नाही. सुशीवर शेजवान चटणी ओतणं ते फ्यूजन. इथे तंत्र चिनीच राहतं, पण काय शिजवायचं ते ऋतू ठरवतो आणि कुठे थांबायचं ते जपानी हात ठरवतो. चिनी स्वयंपाकाची मूळ चव त्याने जास्त स्पष्ट कळते.

पुडाँगकर

सपशेल असहमत.

शांघायला आठ वर्षं काढली, म्हणून थोडं बोलतो. चिनी जेवण म्हणजे आधी गोल टेबल. मधोमध आख्खा मासा येतो, त्याचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे. मग म्हातारी आजी गालाचा मऊ तुकडा काढून नातवाच्या वाटीत टाकते. दहा बशा एकदम टेबलावर, मधूनच कुणीतरी ओरडून नूडल्स मागवतो. ती आपली पंगत आहे, पंगत! तुम्ही त्या माशाचे आठ तुकडे करून आठ जणांपुढे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवलेत आणि सगळ्यांनी देवळात बसल्यासारखं गप्प बसून खाल्लं, तर मासा तोच राहिला असेल, जेवण बदललं.

दुसरं, धग. दक्षिण चीनमधले कँटनवाले जिला 'वोक हेइ' म्हणतात ती. चिनी आचाऱ्याच्या शेगडीचा आवाज भट्टीसारखा येतो, भात कढईतून हवेत जातो आणि तेलाच्या वाफेला क्षणभर जाळ लागतो. तो करपट-धुरकट वास मिनिटभरात उडून जातो. फुलाची पाकळी चिमट्याने ठेवेपर्यंत तो थांबत नाही.

आणि तिसरा, खरा मुद्दा. 'कुठे थांबायचं ते जपानी हात ठरवतो', हे वाक्य परत वाचा राव. म्हणजे चिनी हाताला थांबता येत नाही? संयम, ऋतू, मूळ चव हे सगळं जपानचं आणि तेल-तिखट-आवाज चीनचा, ही वाटणी कुणी केली? १८व्या शतकात युआन मेई नावाचा कवी जेवणावर आख्खं पुस्तक लिहून हेच सांगत होता, की प्रत्येक जिनसाला तिची स्वतःची चव दाखवू द्या.

कडूकारलं

एका माणसाला दहा-दहा हजार येनच्या नोटा मोजून द्यायच्या आणि एक स्प्रिंग रोल खायचा. चालू द्या.

मृण्मयी

पुडाँगकरांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन, पहिल्या दोनांना नाही.

मी मुंबईत हॉटेलच्या चिनी किचनमध्ये काम केलंय. शिकाऊ होते तेव्हा आमच्या शेफने 'काइश्वेइ बाइत्साइ' करायला लावलं होतं. नावाचा अर्थ 'उकळत्या पाण्यातली कोबी'. तिखटासाठी प्रसिद्ध अशा सिचुआन प्रांताचा पदार्थ, आणि त्यात मिरची औषधालाही नाही! कोंबडी, बदक, खारवलेला हॅम यांचा स्टॉक तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचा. मग कोंबडीच्या छातीचा खिमा पाण्यात कालवून त्यात सोडायचा. तो सगळा गाळ स्वतःला चिकटवून घेत वर येतो, तो काढायचा. परत खिमा, परत काढायचा. शेवटी भांड्याचा तळ दिसला पाहिजे. माझ्या पहिल्या खेपेला फोनवर बोलताना आच वाढली, उकळी फुटली आणि दिवसभराचं काम गढूळ झालं. शेफ काही बोलला नाही, नुसतं पातेलं सिंककडे सरकवलं.

आता दाशी, म्हणजे जपानी स्टॉक घ्या. कोंबू हे समुद्री शेवाळ पाण्यात भिजवून हलकं तापवायचं, काढायचं, वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस टाकून लगेच गाळायचं. अर्ध्या तासाचा खेळ. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या तर नुसतं बघून चटकन ओळखता येणार नाहीत. पण चिनी स्टॉक प्यायलात की ओठ एकमेकांना किंचित चिकटतात, हाडांचा डिंक असतो ना. दाशीने चिकटत नाहीत.

तेव्हा नितळपणा जपानने चीनला शिकवला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मात्र वोक हेइ म्हणजेच चिनी स्वयंपाक हेही खरं नाही. वाफवणं, मंद शिजवणं, गार बशा हे सगळं तितकंच चिनी आहे. आणि पंगतीचं म्हणाल, तर वाटीवाटीने वाढणारी चिनी हॉटेलं आज हाँगकाँगमध्येही आहेत.

निशीकसाईकर

मृण्मयीताई, दंडवत. 'थांबायचं ते जपानी हात ठरवतो' हे वाक्य मागे घेतो. चुकलंच.

पण ऋतूचा मुद्दा सोडत नाही. आयूच्या स्प्रिंग रोलमध्ये तळणं चिनी, पापुद्रा चिनी, पण आतडी ठेवून त्या कडवटपणासाठीच तो मासा जूनमध्ये खाणं ही शंभर टक्के इथली आवड. हा माझा मुद्दा होता, तो मांडताना मीच बोजवारा उडवला.

आणि हे काही श्रीमंतांचं नवं खूळ नाही. १९१०मध्ये टोक्योतल्या असाकुसात 'राइराइकेन' हे हॉटेल उघडलं ते योकोहामाच्या चायनाटाउनमधून चिनी आचारी आणून, आणि तिथूनच रामेन (सूपमधल्या नूडल्स) गल्लोगल्ली पोचलं असं मानतात. सिचुआनचे आचारी चेन केन्मिन १९५२मध्ये जपानला आले, १९५८मध्ये त्यांनी 'शिसेन हान्तेन' काढलं. जपानी जिभेला तिखट सोसेना म्हणून कोळंबीच्या चिलीत टोमॅटो केचप घातलं. ते म्हणायचे, माझ्या चिनी जेवणात थोडं खोटं आहे, पण ते चांगलं खोटं आहे. त्यांचे चिरंजीव चेन केनिची म्हणजे टीव्हीवरच्या 'आयर्न शेफ' या पाकस्पर्धेतले ते पिवळ्या पोशाखातले.

या सगळ्या जपानी वळणाच्या चिनी जेवणाला इथे 'चुका' म्हणतात. (आपली आंबटचुक्याची भाजी नव्हे. आणि चुकाही नव्हेत, पुडाँगकर!)

गिरगावची काकू

मी टोक्योही पाहिलं नाही आणि शांघायही. पण केचपवरून आठवलं. आपला नेल्सन वांग कोलकात्याचा चिनी, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५च्या सुमारास त्याने आलं-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस ओतला आणि चिकन मंचुरियन झालं. मंचुरियातल्या माणसाने ते ओळखलंही नसतं. मग केन्मिनचं केचप 'चांगलं खोटं' आणि आमच्या नाक्यावरच्या गाडीवरची चायनीज भेळ म्हणजे 'चायनीजची वाट लावली', असं का? आमच्या गाडीवाल्याच्या कढईखालीही जाळ असतोच हो. वर फूल ठेवत नाही एवढंच. कोबी ठेवतो, तोही कच्चा.

पुडाँगकर

काकू, साष्टांग नमस्कार! माझं दुखणं तुम्ही नेमकं पकडलंत. चिनी माणसाने परमुलखात पोटासाठी केलेली तडजोड स्वस्तात जाते. योकोहामाचे ते आचारी आज कुणाला नावानिशी आठवतात? तेच जेवण जपानी शेफच्या हातून बारीक बशीत आलं की कला होतं.

चिनी स्वयंपाकाला कधी मान मिळालाच नाही असं मी म्हणत नाही. हाँगकाँगच्या 'लुंग किंग हीन'ला २००९च्या आवृत्तीतच तीन तारे होते, शेफ चान यान-ताक यांच्या हाताखाली. पण तिथे 'कँटनी संवेदनशीलता' असा शब्द कुणी वापरला नाही. नुसतं 'उत्तम डिमसम' म्हणाले. संवेदनशीलता म्हटली की ती जपानी, हे कसं ठरतं?

निशीकसाईकर

हे पटलं. धाग्यासाठी मी मनात 'चिनी पाककला, जपानी संवेदना' असं शीर्षक योजलं होतं. बायकोने ऐनवेळी खोडलं.

पण कावादांची एक बाजू घेतो. जेवणासोबत वाइन लादण्याऐवजी ते चिनी चहा पुढे करतात, आणि हॉटेलच्या नावात पहिलं अक्षरच चहाचं आहे, शेवटचं 'का' म्हणजे 'चुका'तलंच, चीनचं. उधारी कुणाची ते दारावरच लिहिलंय. काकूंच्या गाडीवर तरी मंचुरियाचं नाव कुणाला विचारून घातलंय?

कडूकारलं

बरं, किंमत सोडून विचारतो. पोट भरलं का?

निशीकसाईकर

शेवटी लहानशा वाटीत नूडल्स आल्या, भरलं. आणि मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल बायकोला विचारलं, त्या दिवशी ते पाण्यासारखं दिसणारं सूप प्यायल्यावर ओठ चिकटले होते का गं? ती म्हणाली, चिकटले होते, म्हणून तर बाहेर येऊन लिपस्टिक परत लावली.

मृण्मयी

मग दाशी नव्हती ती. निदान नुसती दाशी नक्कीच नव्हती.

पुडाँगकर

एक गुण माझा. आता त्या हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.